आश्रिताचे घर

महाप्रस्थानिक पर्वाच्या अखेरीस, द्रौपदी आणि चारही भाऊ एकामागून एक वाटेत पडल्यानंतर, युधिष्ठिरासोबत उरतो तो केवळ एक श्वान. इंद्र रथ घेऊन समोर उभा राहतो, स्वर्गात कुत्रा बाळगणाऱ्यास थारा नाही असे बजावतो, आणि युधिष्ठिर त्यावर जो नकार देतो तो आपल्या नीतिविचारातील अत्यंत उदात्त नकारांपैकी एक आहे. भक्ताचा त्याग म्हणजे ब्रह्महत्येच्या तोडीचे पातक, असे त्याचे म्हणणे. इंद्राचा युक्तिवादही काही अगदीच पोकळ नव्हता. ज्याने भाऊ मागे टाकले, पत्नी मागे टाकली, त्याने एका कुत्र्यासाठी अडून बसावे यात कोणता न्याय, असे तो विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते ते असे की, मृतांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते म्हणून मी त्यांना मागे ठेवले. जिवंतपणी मी त्यांतील कोणालाही सोडलेले नाही. मग त्या श्वानाच्या ठायी साक्षात धर्म प्रकट होतो, परीक्षा संपते, आणि आपण समाधानाने पोथी बांधून ठेवतो.

परंतु श्वान श्वानच राहिला असता, आणि इंद्राने हरकत मागे घेऊन त्याला रथात घेतले असते, तर पुढे काय झाले असते? अप्सरांच्या नूपुरांचा नाद, गंधर्वांचे वाद्यघोष, ऐरावताचा वावर आणि नित्य नव्या पुण्यवंतांची ये-जा असलेल्या त्या नगरीत, हिमालयाच्या निर्मनुष्य वाटेवर एकाच माणसामागे मुकाट चालण्याची सवय झालेल्या त्या जिवाचे चित्त ठिकाणावर राहिले असते काय, की पहिल्याच दिवशी एखाद्या गंधर्वाच्या पिंडरीला त्याचे दात लागून इंद्राकडे तक्रार गेली असती? श्वानाचे रूप ऐन वेळी पालटून महाभारतकाराने हा प्रश्न शिताफीने टाळला आहे, असे थोडे धार्ष्ट्य करून म्हणावेसे वाटते. आश्रिताला सोडू नये, हे महाभारताने सांगितले. आश्रिताला कोठे ठेवावे, हे सांगितले नाही. आणि करुणेच्या क्षेत्रातील अवघड भाग नेमका तेथूनच सुरू होतो.

आज शहरोशहरीच्या श्वान-निवाऱ्यांत हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा होऊन बसला आहे. तेथे येणाऱ्या कुत्र्यांपैकी अनेकांना लवकर वा उशिरा घर मिळते. पिलांना तर बघताबघता मिळते. मागे उरतात ती आजारी, म्हातारी आणि ज्यांना तेथील मंडळी ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात ती कुत्री. असा ‘रिॲक्टिव्ह’ कुत्रा पिसाळलेला नसतो, किंवा अष्टौप्रहर दात विचकणाराही नसतो. ओळखीच्या माणसाच्या पायाशी तो एखाद्या वासरासारखा निवांत पडून राहील. मात्र समोरून दुसरा कुत्रा आला, हेल्मेट घातलेला स्वार दिसला, फरशीवरून चाकांची बॅग घरंगळत गेली किंवा एखादे मूल हात उंचावून धावत आले, की त्याचा सारा देह ताणला जातो, पट्ट्याला हिसडे देत तो भुंकतो, अंगावर जातो, आणि कोणी मध्ये हात घातलाच तर चावतोही. याच्या मुळाशी बहुधा क्रौर्य नसून भय असते. भयाचे कारण आणि आपण यांच्यात किती अंतर असावे याविषयी प्रत्येक प्राण्याची स्वतःची एक मर्यादा असते. भयाचे कारण त्या मर्यादेपलीकडे असेल तोवर तो विचार करू शकतो, शिकू शकतो, हाक ऐकू शकतो, आणि ती ओलांडली गेली की यातले त्याला काहीच जमत नाही. निवाऱ्यात नेमके हे अंतरच मिळत नाही. दहा पावलांवर दुसरा कुत्रा, त्यापुढे तिसरा, रात्री एकाने सूर लावला की सर्वांचा कल्लोळ; अशा ठिकाणी कुत्र्याच्या स्वभावाचा निकाल लावणे धाडसाचे आहे. तेथे जो भडकतो तो घरात शांत होऊ शकतो, आणि याच्या उलट, तेथे भेदरून कोपऱ्यात निपचित बसलेला, ‘गरीब स्वभावाचा’ असा शेरा मिळालेला कुत्रा घरी रुळल्यावर, अंगात बळ आल्यावर, प्रथमच गुरगुरतो.

अशा कुत्र्याच्या मागे एखादी छळाची कहाणी असलीच पाहिजे, असे मानण्याकडे आपला ओढा असतो. तशी परंपराही आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी यज्ञभूमीवर आलेल्या, सरमा या कुत्रीच्या पुत्राला काही अपराध नसताना बडवले, आणि त्याच्या आईने येऊन राजाला शाप दिला. परंतु प्रत्येक बिथरणारा कुत्रा हा बडवलेला सारमेय नव्हे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी दीर्घकाळ केलेल्या प्रयोगांवरील आपला ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला, आणि त्यातून एक गोष्ट शास्त्रात पक्की झाली: जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिलाला जी माणसे, जे प्राणी, जे आवाज परिचयाचे होतात ते त्याच्या जगाचे होतात, आणि त्या काळात जे भेटत नाही ते पुढे परके, म्हणून भयावह राहते. त्यात रक्तातून आलेल्या स्वभावाचाही वाटा असतो. म्हणजे कोणीही काठी न उगारता, केवळ एका बंद गोदामात वाढल्यामुळे, एखादा जीव जन्मभरासाठी भित्रा होऊ शकतो. येथे खलनायक सापडत नाही, आणि खलनायक सापडला नाही की आपली करुणा किंचित निरुत्साही होते. हा दोष करुणेचा नव्हे, आपल्या कथाप्रियतेचा आहे.

आता धर्माकडे वळू. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान आणि श्वपाक या सर्वांच्या ठायी पंडित सम पाहतात असे म्हटले आहे. आपल्या वारकरी परंपरेत, पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा लहान मुलालाही ठाऊक असते. यावर असा आक्षेप सहज घेता येईल की, दृष्टी जर सम असेल तर ‘हे घर याला योग्य, ते अयोग्य’ असा पंक्तिप्रपंच कशाला? जो दारी आला त्याला कुत्रा द्यावा आणि ईश्वरावर हवाला ठेवावा. याला एक जुने शास्त्रीय उत्तर तयार आहे: समता ही दर्शनात असावी, वर्तनात नव्हे. परंतु हे उत्तर उचलताना मराठी माणसाचा हात थरथरला पाहिजे. दृष्टीत अद्वैत आणि व्यवहारात भेद, या सोयीस्कर सूत्राच्या आधारे आपल्या समाजाने शतकानुशतके माणसांना गावकुसाबाहेर ठेवले. ज्या श्वपाकाचे नाव त्या श्लोकात श्वानाच्या शेजारी आले आहे, त्याचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे मनुस्मृतीने नेमून दिले, आणि ते नेमून देणाऱ्यांच्या अद्वैताला त्याने तडा गेला नाही.

मग भेदाने वागणे केव्हा न्याय्य आणि केव्हा अन्याय्य? माझ्या मते कसोटी एकच आहे: त्या भेदाचा लाभ कोणाच्या पदरी पडतो? भेद करणाऱ्याच्या सोयीसाठी, मानासाठी वा सोवळ्यासाठी केलेला भेद हा अधर्म. ज्याच्याशी भेदाने वागायचे त्याच्याच हितासाठी, स्वतः अधिक कष्ट सोसून केलेला भेद हा समदर्शनाचा अंमल. नामदेवांच्या कथेतही, जरा बारकाईने पाहिले तर, हाच विवेक आहे. त्यांनी कुत्र्याला पाट मांडून पंगतीला बसवले नाही, तर कोरडी पोळी त्याच्या घशात रुतेल एवढेच त्यांच्या ध्यानात आले, आणि धावण्याचे कष्ट त्यांनी स्वतःकडे घेतले. बिथरणाऱ्या कुत्र्यासाठी घर पारखून घेणे, दहा जणांना नकार देणे, अकराव्याची वाट पाहणे, आणि तोवर त्याचा खर्च व भुंकणे सोसणे हा याच जातीचा भेद आहे.

या बाबतीत सर्वांत व्यवहारी धर्मग्रंथ मला पारशांचा वाटतो. वेंदिदादचा तेरावा अध्याय, ज्याला ते फरगर्द म्हणतात, जवळजवळ सगळा कुत्र्यांविषयी आहे. मृत्यूनंतर आत्म्याने ओलांडावयाच्या चिन्वत पुलाची राखण दोन श्वान करतात ही कल्पना त्यात आहे. कुत्र्याच्या ठायी पुरोहित, योद्धा, शेतकरी यांच्याबरोबर चोर आणि बालक यांचेही गुण वसतात, असे मोठे मार्मिक वर्णन आहे. आणि त्याच अध्यायात, घरातील कुत्रा वेडसर होऊन न भुंकता चावू लागला तर काय करावे, याची तजवीज आहे. त्याला ठार मारा असे ग्रंथ म्हणत नाही, आणि त्याच्या मनाप्रमाणे मोकळा सोडा असेही म्हणत नाही. त्याच्या गळ्यात लाकडी अडणी घालून त्याला बांधावे, आणि श्रद्धावंत माणूस आजारी पडला असता जी शुश्रूषा करावी तीच त्याची करावी, अशी आज्ञा आहे. लोकांचे रक्षण आणि प्राण्याची शुश्रूषा या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे ज्याने जाणले त्या स्मृतिकाराला निवाऱ्यातील कोणीही अनुभवी सेवक नमस्कार करील. आजचे जाळीदार मुसके, ज्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते, ते त्या लाकडी अडणीचेच सुधारलेले रूप होय. ते घातलेले पाहून ‘अरेरे, बिचारा!’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, त्या मुसक्याची हळूहळू, खाऊच्या लालचीने सवय झालेल्या कुत्र्याला रस्त्यावर फिरता येते, आणि न झालेल्याला जन्मभर खिडकीतून रस्ता पाहावा लागतो.

मुंबईशी या विषयाचा जुना संबंध आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध जून १८३२ मध्ये या शहरात पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली, आणि दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद घराण्यातील शेठजी यांच्या उदारतेने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. जीव वाचवण्याची एवढी मोठी परंपरा आपल्यापाशी आहे. उणीव आहे ती वाचवलेल्या जिवाच्या पुढील आयुष्याची चिंता वाहण्याची, आणि त्याहूनही मोठी उणीव, मला वाटते, सत्य सांगण्याची.

ज्या युधिष्ठिराने कुत्रा सोडला नाही, त्याच युधिष्ठिराने द्रोणाचार्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना हत्तीचा उल्लेख पुटपुटण्यात दडवला होता. आणि महाभारतकार किती कठोर हिशेबनीस आहे पाहा: भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकलाच, पण पुढे श्वानासाठी स्वर्ग नाकारण्याचे पुण्य खात्यावर जमा झाल्यानंतरही, स्वर्गारोहण पर्वात, त्या अर्धसत्याबद्दल त्याला नरक पाहावा लागला. करुणेच्या जमेतून असत्याची बाकी वळती होत नाही. कुत्र्याला घर मिळवून देणाऱ्या सज्जनांना हे कोणीतरी सांगायला हवे. ‘थोडा लाजाळू आहे’, ‘प्रेमाने सुधारेल’, ‘घरातला राजा व्हायला आवडते’ अशा गोंडस शब्दांत, चावल्याचे दोन प्रसंग पुटपुटून टाकण्याचा मोह त्यांना होतो. हेतू शुद्ध असतो, निवाऱ्यात दुसऱ्या जिवासाठी जागाही होणार असते. परंतु त्या घरात एखादे चार वर्षांचे मूल असते. मग जे घडते त्यात मुलाच्या चेहऱ्यावर टाके पडतात, कुत्रा परत येतो तो अधिक भेदरून, त्याच्या नावावर आणखी एक दंश चढतो, आणि ते कुटुंब पुन्हा कधीही निवाऱ्याची पायरी चढत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही प्राणी बाळगताना माणसाच्या जिवाला अपाय होऊ नये अशी पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली अपराध आहे. ज्याला धोका सांगितलाच नाही, त्याने काळजी घ्यावी तरी कशी?

म्हणून अशा कुत्र्याची एक लेखी कैफियत असावी, आणि ती कुत्रा दाखवण्यापूर्वी घेणाऱ्याच्या हाती द्यावी. तो कोणाला चावला, केव्हा, कोणत्या प्रसंगी, कातडी फुटली की नुसते दात लागले. चावण्यापूर्वी गुरगुरला की नाही. कोणत्या गोष्टीपासून किती अंतरावर तो शांत राहतो. त्याला काय आवडते. रेबीजची लस केव्हा टोचली. आणि जमले नाही तर त्याला कोठे व कोणाकडे परत आणून द्यावयाचे. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण परतीचा मार्ग सन्मानाने खुला ठेवला नाही की तो रात्री गाडीतून एखाद्या घाटात उघडतो. ही कैफियत वाचून बहुतेक लोक निघून जातील. त्यांनी जावे यासाठीच ती असते.

योग्य घर म्हणजे मोठे घर नव्हे. ज्या इमारतीत एकच जिना आणि एकच लिफ्ट आहे, लिफ्टचे दार उघडताच शेजारचा कुत्रा नाकासमोर येतो, दिवसभर दारावर पार्सलवाले घंटी वाजवतात, आणि भाद्रपदात ढोलताशे तर दिवाळीत फटाके खिडकीखालीच वाजतात, तेथील प्रशस्त सदनिकेपेक्षा गावच्या टोकाचे, कुंपण असलेले, मागच्या दाराने निघता येईल असे दोन खोल्यांचे घर अशा कुत्र्याला मानवते. घरात लहान मुले नसावीत, पाहुण्यांचा राबता नसावा, आणि दिवसाचा क्रम ठरलेला असावा; निवृत्त झालेले, पहाटे गल्ली जागी होण्यापूर्वी फिरायला जाणारे, फार न बोलणारे एखादे जोडपे मला अशा कुत्र्यासाठी आदर्श वाटते. आपल्याकडे एक सार्वत्रिक सल्ला असतो, ‘शेतावर सोडा’. तो देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिरवे रान असते. प्रत्यक्षात शेतावरच्या पुष्कळ कुत्र्यांच्या वाट्याला येते ती आंब्याच्या बुंध्याची साखळी, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने क्रूरतेच्या यादीत घातलेले आहे. शिवाय तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच आढळला होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी उसाच्या फडाजवळ रात्री साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला धाडलेले आमंत्रणच.

आणि असे घर कधीच मिळाले नाही तर? गांधीजींनी १९२६ साली या प्रश्नाला हात घातला आणि स्वतःवर केवढे काहूर ओढवून घेतले! अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातील साठ भटकी कुत्री मारवली होती, आणि अहिंसेच्या या आचार्यांनी त्याला दोष देण्याचे नाकारले. ‘यंग इंडिया’तील लेखमालेत त्यांनी उलट समाजालाच विचारले की, कुत्री बेवारस फिरू देणे आणि त्यांना येताजाता तुकडे टाकणे याला दया म्हणता येईल का? त्यांच्या उत्तरार्धाशी मी सहमत आहे, पूर्वार्धाशी नाही. ते बोलत होते त्या काळी रेबीजच्या लसीचा आणि नसबंदीचा आजच्यासारखा सार्वत्रिक उपाय हाताशी नव्हता. आज आपल्या नियमांत कुत्र्याला मरण देण्याची मुभा असाध्य आजार आणि प्राणांतिक जखम यांपुरतीच आहे, आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने इतर कुत्री नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी परत सोडण्यास सांगताना, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री त्यातून वगळली आहेत. म्हणजे चावणाऱ्या कुत्र्याला गल्लीचे दार बंद झाले. उरले निवारा आणि घर. जेथे घर मिळत नाही तेथे निवाऱ्यालाच घर व्हावे लागते, आणि ते भूतदयेच्या फलकाने होत नाही. त्यासाठी गोंगाटापासून दूर एक आडोशाची खोली, ठरलेल्या वेळी येणारा एकच माणूस, आणि इतर कुत्री आत असताना तासभर मिळणारे मोकळे अंगण, एवढे तरी लागते. हेही न देता पिंजऱ्यात वर्षानुवर्षे श्वास चालू ठेवण्याला मी अहिंसा म्हणणार नाही. ती केवळ न मारण्याची सावधगिरी आहे.

ज्यांच्या घरी आता लहान मुले नाहीत, ज्यांच्याकडे पाहुण्यांची वर्दळ नाही, आणि ज्यांना कुत्रा मिरवायचा नसून सांभाळायचा आहे, अशा वाचकांना एक विनंती आहे. निवाऱ्यात गेलात तर दर्शनी भागातील पिलांपाशी थांबू नका, त्यांना कोणी ना कोणी नेतेच. मागच्या बाजूच्या एकट्या पिंजऱ्यातील कुत्र्याची कैफियत मागून घ्या, ती पूर्ण वाचा, वाचून नाही म्हणावेसे वाटले तर निःसंकोच नाही म्हणा, आणि हो म्हणावेसे वाटले तर त्याला घरी नेण्याआधी काही आठवडे नुसते भेटायला जात राहा.